एअर स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्यानं पिस्टन वाचत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारसायकली जपणाऱ्या लोकांवर आपण अख्खं पान दिलंत. फोटो झकास. राजदूत ३५० ची टाकी अशी काही चमकत होती की आमच्या गॅरेजातल्या पोरानं ते पान कापून हत्यारांच्या फळीवर चिकटवलंय. पण त्याच पानाच्या तळाला 'घरच्या घरी करा' अशी एक चौकट आहे. मूळची एअर फिल्टरची पेटी काढा, दोन्ही कार्बोरेटरना (हवा-पेट्रोल मिसळणारे भाग) सुटी कोन फिल्टरं लावा, गाडी मोकळा श्वास घेईल, पिकअप वाढेल. मग एअर स्क्रू (कार्बोरेटरमधली हवा कमी-जास्त करणारा) अर्धा फेरा आत घ्या, ट्यूनिंग झालं, असं त्यात म्हटलंय. हे पत्र त्या शेवटच्या वाक्यासाठी.

मी कोल्हापुरात टू-स्ट्रोक गाड्यांचं काम करतो. आधी उद्यमनगरात बोअरिंगच्या मशीनवर होतो, पुढं स्वतःचं गॅरेज टाकलं. येझदी, आरएक्स १०० आणि राजदूत ३५० या तीन गाड्यांवर आमचं घर चाललं. पूर्वी या गाड्या रोज धंद्यापाण्याला पळायच्या, आता त्या शौकीन पोरांच्या हातात आहेत. पोरं चांगली आहेत, खर्च करतात, गाडी पुसून ठेवतात. फक्त मोबाइलवर बघून पाना हातात घेतात, आणि आता तेच वर्तमानपत्रातही छापून आलं म्हटल्यावर मला बोलायला जागाच उरणार नाही. म्हणून लिहितोय.

ज्यांना राजदूत ३५० माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सनं १९८३ साली ही गाडी आपल्याकडं आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र मिकुनी कार्बोरेटर. पहिल्या गाड्यांची ताकद साडेतीस बीएचपी होती. त्या काळी बुलेट ३५० ची अठरा होती, यावरून अंदाज करा. लोकांनी अ‍ॅव्हरेजच्या नावानं बोंब मारली, मग सत्तावीसची दुसरी गाडी आली. आमच्या धंद्यात पहिलीला हाय टॉर्क आणि दुसरीला लो टॉर्क म्हणतात. गिऱ्हाईक आलं की आधी हेच विचारायचं, कारण दोन्हींचं पेट्रोलचं गणित एक नाही. पुढचा ब्रेक मात्र दोन्हींना ड्रमच, आणि तो बेताचाच.

आता पेटीचं. सीटखालची ती काळी पेटी नुसती धूळ अडवायला बसवलेली आहे असा पुष्कळांचा समज असतो. कारखान्यात कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी पितळी भोकं, ठरवले जातात ते ती पेटी, तिच्यातलं फिल्टर आणि मागचे सायलेन्सर हे सगळं धरून. पेटी हवेला थोडी अडवते. त्या अडवण्यामुळं कार्बोरेटरच्या आत जी ओढ तयार होते तीही जेटमधून पेट्रोल वर उचलायला मदत करते. पेटी काढून कोन फिल्टर लावलं की हवा सढळ येते आणि ओढ घटते. जेटचं भोक तेवढंच राहिलं तर हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. यालाच आम्ही लीन म्हणतो. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये हवा सरळ एका चालीत आत जात नाही, धक्क्याधक्क्यानं पुढं-मागं होते. ते धक्के पेटीतली जागा पोटात घेते. सुट्या फिल्टरला असं पोट नाही. म्हणून तर काही वेळा जेट बरोबर बसवूनही मधल्याच एका रेसला गाडी अडखळते आणि पोरं महिनाभर डोकं खाजवत बसतात.

चार-स्ट्रोक गाडी लीन चालली तर तापते, सायलेन्सरमध्ये फटाके फोडते, कुरकुरते. टू-स्ट्रोकचं तसं नाही. तिथं येणारं पेट्रोलच पिस्टनला थंडही ठेवत असतं. ते कमी पडलं की पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. आमच्यात म्हणतात, भरलेली, म्हणजे पेट्रोल जास्त झालेली गाडी प्लग खाते, लीन गाडी पिस्टन खाते. प्लग बाजारात कुठंही मिळतो. या गाडीचा मूळ जपानी पिस्टन शोधायला आता ओळखी लागतात.

मग तो एअर स्क्रू काय करतो? तो फक्त स्लोचा, म्हणजे जागेवरच्या मंद रेसचा आहे. आयडलिंगपासून थ्रॉटल साधारण पाव उघडेपर्यंत त्याचं राज्य, आणि त्यातही खरा जोर अगदी सुरुवातीलाच. पुढं स्लाइडचा (थ्रॉटलसरशी वर-खाली होणारी झडप) खालचा कट, मग पाव ते पाऊण थ्रॉटलला नीडल (स्लाइडला लटकलेली सुई), आणि पाऊणच्या पुढं फुल थ्रॉटलपर्यंत मेन जेट. म्हणजे चौकटीत सांगितल्याप्रमाणं स्क्रू आत घेऊन गाडी दारात सुरेख चालायला लागते, एका किकमध्ये उठते, रेस सोडली की स्लोवर गपकन बसते, आणि मालकाला वाटतं काम झालं. पण पिस्टन दारात चिकटत नाही. तो हायवेला, पाचव्या-सहाव्या गिअरात, थ्रॉटल शेवटपर्यंत पिळलेला असताना चिकटतो. तिथं एअर स्क्रूचं कोणी ऐकत नाही.

परवाच्या जानेवारीत गडहिंग्लजकडचा एक मुलगा टेम्पोत घालून हाय टॉर्क घेऊन आला. काकाची गाडी, पुतण्यानं उभी केलेली. कोन फिल्टर लावलेली, स्क्रू अर्धा फेरा आत. पहाटेच्या थंडीत कागलच्या बाजूला गाडी मोकळी सोडली आणि इंजिन जाम होऊन मागचं चाक किंचाळलं. पोरगं हुशार, क्लच दाबला, म्हणून निभावलं. मला म्हणतंय, "मामा, पण स्लो तर एक नंबर होता!" होताच. मी प्लग काढून त्याच्या हातावर ठेवला. उजव्या बाजूचा फिकट, पण ठीक. डावा खडूसारखा पांढरा, आणि त्या पांढऱ्या पोर्सिलेनवर बारीक चंदेरी ठिपके. त्यानं नखानं खरवडून बघितले. ते ठिपके म्हणजे वितळून उडालेला त्याचा पिस्टन, हे त्याला हेड काढल्यावरच पटलं. एक्झॉस्टच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरच्या आतल्या लायनरवर लिंपलं गेलं होतं, वरची रिंग खाचेत दबून बसलेली, पिस्टनच्या माथ्याची कड कुरतडल्यागत.

डावाच का गेला? कारण त्या बाजूचं फिल्टर साइड कव्हरला टेकत होतं. कव्हर बसावं म्हणून त्यानं कार्बोरेटर जरा तिरका केला होता, आणि इंजिनकडच्या जुन्या रबराला त्या ताणानं चीर गेली होती. म्हणजे फिल्टरनं आधीच लीन केलेल्या सिलिंडरला चिरेतून आणखी हवा. ब्लॉक बोअर करून पाऊण मिलिमीटर मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागला. आता पुढचा एकच साइज शिल्लक आहे, त्यानंतर लायनर नवा घाला नाहीतर ब्लॉक शोधत फिरा.

कोन फिल्टर लावूच नये असं माझं म्हणणं नाही. सायलेन्सर, पोर्टिंग सगळंच बदललेल्या गाड्यांना ती लागतात. पण मग पूर्ण काम करा, आणि ते वरून खाली, म्हणजे फुल थ्रॉटलपासून स्लोकडं करा. आधी चीर-गळती तपासा. गाडी चालू ठेवून कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबरावर पाण्याचा हलका फवारा मारला आणि रेसमध्ये फरक पडला, तर जेटला हात लावू नका, रबर बदला. रेस सोडल्यावर गाडी लगेच खाली न येता वरच लटकत असेल तर क्रँकची सीलंसुद्धा संशयात घ्या. फ्लोटची, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल ठरावीक ठेवणाऱ्या तरंगीची पातळी दोन्हीकडं सारखी हवी. हे सोडून जेट बदलत बसणारा माणूस नुसते पैसे घालवतो.

मग मेन जेट. गाडीला लागेल त्यापेक्षा मुद्दाम मोठा घालून सुरुवात करायची. फुल थ्रॉटलला गाडी ब-ब-ब करत भरली, पुढं ओढेनाशी झाली की समजायचं, आपण सुरक्षित बाजूला आहोत. तिथून एकेक पायरी खाली यायचं. लहानापासून मोठ्याकडं जाणारा वाटेतच पिस्टन गमावतो. किती नंबरचा जेट, असं मला फोनवर रोज कोणीतरी विचारतं. सांगता येत नाही. अमेरिकेतल्या आरडीचे आकडे छापलेले सापडतात, पण आपली हाय टॉर्क वेगळी, लो टॉर्क वेगळी, सायलेन्सर कुठले हे वेगळं, आणि बाजारात मिळणाऱ्या नकली जेटचं तर बोलायलाच नको. दोन जेटांवर नंबर एकच कोरलेला आणि भोक वेगवेगळं, हे मी भिंगाखाली धरून गिऱ्हाइकाला दाखवलेलं आहे. त्यात कोणी कचरा काढायला स्टीलची तार घातलेली असली की विषय संपला. पितळ मऊ असतं, तारेनं भोक मोठं होतं. हवेचा फुंकर आणि कार्बोरेटर क्लीनर एवढंच वापरायचं.

मेन जेट ठरला की नीडल. क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर उचलली जाते आणि मधल्या थ्रॉटलला पेट्रोल वाढतं. वर सरकवली की उलट. थ्रॉटलच्या रबरावर आणि हाउसिंगवर चिकटपट्टीच्या खुणा करून घ्या, पाव-अर्धा-पाऊण. अंदाजानं अर्धा म्हणणाऱ्याचा अर्धा नेहमी पाव असतो. सगळ्यात शेवटी, इंजिन चांगलं तापल्यावर, एअर स्क्रू. दीड फेरा बाहेर ठेवून सुरुवात करायची आणि रेस सगळ्यात वर जाते ती जागा शोधायची. या मिकुनीचा हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला आहे, तो हवा कमी-जास्त करतो, म्हणून आत घेतला की गाडी रिच, म्हणजे लीनच्या उलट होते. इंजिनच्या बाजूला स्क्रू असलेल्या कार्बोरेटरना बरोबर उलटं असतं, तो पेट्रोलचा असतो. आपल्या चौकटीत कुठल्या स्क्रूबद्दल बोलतोय तेही लिहिलेलं नाही. चार-स्ट्रोकवाल्यानं वाचून आपल्या गाडीला तसंच केलं तर?

आणि दोन कार्बोरेटरची जुळणी. चौकटीत या मुद्द्यावर एक अक्षर नाही. एक स्लाइड आधी उघडली आणि दुसरी मागून आली तर एक बैल ओढतोय आणि दुसरा जू टेकून चाललाय अशी गत होते, आणि ओढणारा आधी मरतो. इंजिन बंद ठेवून फिल्टरं काढायची, दोन्ही तोंडांत एकेक बोट स्लाइडला टेकवून दुसऱ्या कोणाला थ्रॉटल अगदी हळू फिरवायला सांगायचं. दोन्ही बोटांना एकाच क्षणी हालचाल कळली पाहिजे. बोट डोळ्यापेक्षा जास्त खरं सांगतं. केबल हलवली की ऑटोल्यूबच्या (इंजिनला आपोआप ऑइल देणारी सोय) ऑइल पंपाची खूणही पुन्हा जुळवायची, कारण तो पंप त्याच थ्रॉटलवर चालतो. पेट्रोल नीट आणि ऑइल कमी, असं झालं तरी शेवट तोच.

प्लग बघायचा तर स्लोवर चालवून आणलेल्या गाडीचा बघून उपयोग नाही. फुल थ्रॉटलला गाडी सलग ओढवायची, तिथंच क्लच दाबून त्याच क्षणी किल्ली बंद करायची, गाडी घरंगळत थांबवायची आणि प्लग काढायचा. हे रहदारीच्या रस्त्यावर कोणी करू नये. आताच्या पेट्रोलला आणि आताच्या टू-टी ऑइलला प्लगवर पूर्वीसारखा बिस्किटी रंग लवकर धरत नाही, म्हणून टोकाकडं न बघता पोर्सिलेनच्या बुडाशी, आत खोल, काळसर कडं दिसतं का ते भिंगानं बघायचं. ते कडं दिसलं तर पेट्रोल पोचतंय.

यावर एक उत्तर मला ठरलेलं मिळतं: "पण पीयूसी पास झाली की!" दोन हजार सालाच्या आधीच्या दुचाकीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत चालतं. ती तपासणी होते गाडी जागेवर, स्लोवर उभी असताना. म्हणजे पुन्हा तोच एअर स्क्रू आणि स्लो जेट. मेन जेटची चौकशी पीयूसीवाला करत नाही. उलट लीन गाडी तिथं छान पास होते.

हवामानाचं तर लोक विसरूनच जातात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. इथं मे महिन्याच्या दुपारी अगदी काठावर ट्यून केलेली गाडी जानेवारीच्या पहाटे लीन होते, कारण थंड हवा दाट असते. तीच गाडी आंबा घाट उतरून रत्नागिरीला नेली की आणखी लीन. शिवाय घाटात थ्रॉटल बंद करून इंजिनच्या ब्रेकवर उतरत राहिलं तर पेट्रोलही नाही आणि ऑइलही जेमतेम. जुने लोक मधूनमधून क्लच दाबून एक रेस देत उतरायचे ते उगाच नाही. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. गगनबावड्याच्या पावसात उघडं कोन फिल्टर भिजलं की हवा कोंडते, गाडी भरते, आणि नवीन मालक भर पावसात जेटला दोष देत बसतो. उन्हाळ्यात तिकडचीच तांबडी माती. स्वस्तातल्या जाळीच्या फिल्टरमधून ती सरळ आत येते, आणि टू-स्ट्रोकमध्ये येणारी हवा आधी क्रँककेसमध्ये जाते, म्हणजे सिलिंडरच्याही आधी बेअरिंगला माती. पेटीला नावं ठेवणाऱ्यांनी ती उघडून आतलं फिल्टर कधी धुतलंय किंवा बदललंय का, हेही विचारावं. पन्नास टक्के 'पिकअप नाही'च्या तक्रारी तिथंच मिटतात. हा टक्का माझ्या अनुभवाचा, छापायचा तर तसं म्हणून छापा.

इथेनॉलचं सांगितल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. २०२५ साली देशानं पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचं लक्ष्य गाठलं. आमच्या जिल्ह्यात त्याला विरोध करणारा माणूस सापडणं कठीण, माझ्या भावाचाच ऊस कारखान्याला जातो. पण कार्बोरेटरला ऊसबिल कळत नाही. साधं पेट्रोल एक किलो जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो. नवीन गाड्यांत कॉम्प्युटर आहे, तो बघून घेतो. १९८३ च्या कार्बोरेटरचं भोक आहे तेवढंच राहतं. म्हणजे या गाड्या पेटी न काढतासुद्धा, मूळच्या जेटवर, आज थोड्या लीनच चालतात. त्यावर पेटी काढायची आणि औषध म्हणून एअर स्क्रू अर्धा फेरा!

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापावी: फिल्टर बदललं तर मेन जेट, नीडल, स्लो आणि दोन्ही कार्बोरेटरची जुळणी, सगळं नव्यानं करावं लागतं, आणि ते जमणार नसेल तर पेटी होती तिथं परत बसवावी. ज्यांनी पेटी काढली आहे त्यांनी ती भंगारात देऊ नये, माळ्यावर टाकावी. गाडी विकताना गिऱ्हाईक आधी तीच मागतं. चौकट लिहिणाऱ्यानं गाडी स्वतः फुल थ्रॉटलला कुठवर पळवली होती हेही कळलं तर बरं होईल, पण तो आग्रह नाही.

नाव छापू नये ही विनंती. दारात आधीच तीन गाड्या उघडून पडल्या आहेत.

आपला,
एक गॅरेजवाला, कोल्हापूर

ता. क. दर रविवारीच गाडी काढणाऱ्यांसाठी: घरी आलात की पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी स्लोवर बंद पडेपर्यंत चालू द्या, मग दोन्ही फ्लोटच्या वाट्यांचे खालचे स्क्रू सोडून उरलेलं काढून टाका. इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, ते वाटीत साचलं की पितळेवर हिरवी बुरशी धरते आणि पहिल्यांदा बुजतो तो स्लो जेट. टाकी मात्र रिकामी ठेवू नका, आतून गंजेल. गळ्यापर्यंत भरून ठेवा.